अंगणातली गाडी आणि आत्याबाईंची पंढरी

आमच्या कोडोलीच्या घरासमोर कडुलिंबाखाली एक जुनी गाडी तीन वर्षं उभी होती. जीपच्या जातीची, लांबलचक, वडापला असते तसली. पुढं दोघं, मधे एक आडवी सीट आणि मागं समोरासमोर दोन लांब बाकं. धाकट्या भाऊजींनी हौसेनं घेतली, मग छोटी मोटार आली आणि ही मागं पडली. तिच्या सावलीला कोंबड्या बसत, आत पोरं लपंडाव खेळत, आणि खरं सांगायचं तर पावसाळ्यात मी तिच्यात शेणी रचून ठेवत असे. भंगारवाला दोनदा भाव करून गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा मीच त्याला परत पाठवलं.

त्याचं कारण आमच्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय बहात्तर, उंची पावणेपाच फूट, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एकदा पंढरपूर करायचं, तिथून अक्कलकोट, तुळजापूर करून परत यायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण गेली चार वर्षं निघायची वेळ आली की म्हणायच्या, "माझ्यानं आता यष्टीत बसवत न्हाई. तुमी जावा." आम्ही सगळे गुडघ्यांना दोष देत होतो. दोष नुसत्या गुडघ्यांचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. ते पुढं सांगेनच.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून वर्तमानपत्रांत अधूनमधून त्या गाड्यांचे फोटो येतात. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. झोपायची जागा, स्वैपाकाचा ओटा, पाणी, संडास, सगळं आत. इंग्लंडात १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि तिच्यातून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. हौसेच्या कॅराव्हॅनची सुरुवात तिच्यापासून मानतात. हे मी आत्याबाईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी लसूण सोलता सोलता मान वर केली. "त्यात काय नवल? आमी जोतिबाला कशातनं जात हुतो?"

मग त्यांच्या माहेरच्या गाडीची गोष्ट निघाली. चैत्राच्या पुनवेला वडील गाडी जुंपायचे. आदल्या दिवशी कण्याला वंगण. उन्हाळ्यानं चाक वाळून सैल झालं असेल तर ते काढून रात्रभर ओढ्यात बुडवून ठेवायचं. लाकूड फुगलं की लोखंडी धाव घट्ट बसते. गाडीत पिंजर, पिंजरावर वाकळ, वर तट्ट्याचं छप्पर, खाली टांगलेला कंदील. आई गाडीतच भाकरी बांधून घ्यायची, धाकटं भावंडं गाडीतच झोपायचं. डोंगर चढताना सगळी उतरून चालायची. आणि आमच्या या वारणेच्या पट्ट्यात तर आजही गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातली ऊसतोडणीची कुटुंबं बैलगाड्यांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार घालून येतात. भांडी, कोंबड्या, तान्ही मुलं. त्यांच्या गाड्यांना कोणी कॅराव्हॅन म्हणत नाही. असो.

त्या रात्री मी यांना म्हटलं, "भाऊजींची गाडी आपण नीट करू या का? आत्याबाईंना आडवं व्हायला जागा झाली तर त्या येतील." हे हसले. मी बी. ए., तेही मराठी घेऊन. आठवड्यातून चार दिवस शाळेत तास घेते. हातात पाना कधी धरलेला नव्हता. पण माझी शिलाईची मशीन मी स्वतः उघडते, तेलपाणी करते, बॉबिनचा दोष काढते. मशीन उघडता येते त्या बाईला गाडी अगदीच परकी वाटू नये, असं माझं मत आहे.

मात्र, मैत्रिणींनो, एक गोष्ट आधी सांगते. ब्रेक, स्टिअरिंग, चाकं आणि इंजिन ही घरची कामं नव्हेत. ती गॅरेजात देऊन टाकावीत आणि मिस्त्रीशी घासाघीस करू नये. तीन वर्षं उभ्या गाडीचे टायर वरून नवे दिसत होते, पण बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या. असे टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावेच लागतात. विमा आणि पीयूसी दोन्ही संपलेले होते, ते करून घेतले. हा सगळा खर्च भाऊजींनी आपणहून केला, त्यामुळे त्याचा आकडा मी विचारला नाही.

घरची कामं सुरू झाली ती पाण्यापासून. शेणी बाहेर काढल्या तेव्हा खालच्या मॅटमधून पाणी पिळून निघालं. आमच्याकडं पन्हाळ्याच्या बाजूचा पाऊस; एकदा लागला की चार-चार दिवस उघडीप नाही. परदेशातल्या कॅराव्हॅनवाल्यांचाही पहिला शत्रू ओल हाच असतो असं वाचलं, तेव्हा जरा धीर आला. गळती शोधायची रीत अशी. एकानं बॅटरी आणि खडू घेऊन आत बसावं, दारं-खिडक्या लावून घ्याव्यात. दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडावं, पण आधी खाली, मग मध्ये, मग टपावर, आणि प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं थांबून. एकदम टपावर पाणी ओतलं तर सगळीकडून गळतंय असं वाटतं आणि मूळ सापडत नाही. पाणी शिरतं एकीकडं आणि दिसतं दुसरीकडं; आमचं टपाच्या पन्हळीच्या सांध्यातून शिरून पत्र्याच्या आतून हातभर पुढं येऊन ठिबकत होतं. मी आत बसून खडूनं खुणा केल्या. थोरली लेक बाहेरून विचारत होती, "आई, भिजलीस का?" भिजले होते.

इथं माझी पहिली चूक झाली. घरात नळाच्या जोडाला लावायचं कडक होणारं लुकण होतं, तेच मी सांध्यात दाबून भरलं. दिसायला सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी भाऊजी गाडी पन्हाळ्याच्या घाटातून फिरवून आले, आणि लुकणाला जागोजाग तडे! चालत्या गाडीचा पत्रा सारखा थरथरतो, वाकतो. त्याच्याबरोबर ताणलं जाईल असंच काहीतरी तिथं हवं. गाड्यांच्या बॉडीसाठी रबरासारखं राहणारं सीलंट नळीत मिळतं, ते कोल्हापुरातून आणलं. आधी जुनं सगळं खरवडून काढलं, पुसलं, आणि दोन दिवस कडक उन्हात गाडी वाळवली. ओल्या सांध्यावर कुठलंच सीलंट धरत नाही. खिडकीच्या रबरी पट्ट्या टणक झाल्या होत्या, त्या मात्र नव्याच घेतल्या. जुनी पट्टी वीतभर कापून नमुन्याला न्यावी, म्हणजे दुकानदार भलतीच देत नाही.

तळाला गंज होता. जिथं पापुद्रे निघत होते तिथं तारेच्या ब्रशानं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं, मग रेड ऑक्साईडचा हात, वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात. नाकातोंडाला पदर नव्हे, चांगला मास्क बांधावा. ती धूळ वाईट. एका ठिकाणी मात्र स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. अशा ठिकाणी रंग लावून झाकू नये. ते वेल्डिंगचं काम, आणि वेल्डिंगला बसण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढली की नाही हे आपण उभं राहून पाहावं.

आता झोपायची सोय. मागच्या दोन बाकांमध्ये मोकळी जागा होती, तिच्यावर फळ्या टाकल्या की झाला पलंग. एक अखंड फळी करू नका. आमच्या सुतारानं आधी तशीच सुचवली होती. ती दोन माणसांनाही उचलेना. मग पाण्यात टिकणाऱ्या १२ मिलीमीटर प्लायचे तीन तुकडे केले, प्रत्येकाच्या खालून दोन पट्ट्या ठोकल्या म्हणजे फळी बाकांमधून सरकत नाही. प्लाय पाणी पितो तो कडेनं, म्हणून कडांना व्हार्निशचे दोन हात जास्त. पलंगाची लांबी भरली पाच फूट आणि वर दोन बोटं. हे म्हणाले, "यात मी मावायचा नाही." मी म्हटलं, "तुमच्यासाठी केलेलाच नाही."

गादीला फोम आणायचा विचार मी सोडून दिला. फोम आतून ओल धरतो आणि मग कुबट वास सुटतो. त्यापेक्षा घरच्या वाकळी बऱ्या. दोन खाली, एक वर. सकाळी टपावर टाकल्या की तासाभरात वाळतात. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले, दुहेरी, वर नेफा करून इलॅस्टिक ओवलं. खिडक्यांना नायलॉनची जाळी हवीच, कारण रात्री दोन्ही बाजूंच्या काचा चार-चार बोटं उघड्या ठेवाव्या लागतात. बंद गाडीत दोन माणसं झोपली की सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि डोकंही जड होतं. जाळीच्या कडेला चिकटपट्टी शिवली, तिचाच जोड काचेच्या चौकटीला चिकटवला. लावायला मिनिट, काढायला मिनिट.

हे सगळं निघणारं, सुटं केलं, त्याला कारण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातल्या माहितीशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ बांधणीविरुद्ध फेरफार चालणार नाहीत असा निकाल दिला आहे. तेव्हा सीट उपटून काढणं, टप कापून झरोका करणं असलं काही करू नये. करायचंच तर आधी आर.टी.ओ.कडं चौकशी करावी. फळ्या, पडदे, वाकळी हे मात्र सामान. आणि दुसरी गोष्ट, पलंग हा गाडी थांबल्यावरच. चालत्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला मागं निजवून नेणं म्हणजे धोक्याला आमंत्रण. फळ्या दोरीनं बांधून ठेवायच्या, आणि सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावून. मागच्या दारातून चढायला उंच होतं, त्याला बाभळीच्या लाकडाची दोन पायऱ्यांची घडी केली. जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंत २४ इंच भरलं, म्हणून पहिली पायरी ८ इंचांवर, दुसरी १६ वर. पायऱ्या सारख्या उंचीच्या नसल्या की गुडघा दगा देतो. धरायला दाराशेजारी मूळचीच कडी होती, तिला जाड सुती दोरी गुंडाळली म्हणजे हात घसरत नाही.

एवढं सगळं करायला आमच्या दीड-दोन महिन्यांच्या सुट्ट्या गेल्या. एका रविवारी गाडी धुऊन, पडदे लावून, वाकळी अंथरून मी आत्याबाईंना हाताला धरून नेलं. त्या दोन पायऱ्या चढल्या, वाकळीवर बसल्या, पडद्याला हात लावून म्हणाल्या, "हे माझं अंजिरी लुगडं." डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "मग, पुढच्या महिन्यात निघायचं ना?"

"तुमी जाऊन या गं पोरी."

मला रागच आला. तो मी लपवलाही नाही. दोन दिवस आम्ही दोघी कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या पडवीत भाजी निवडताना त्या एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या. चार वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाला आम्ही सगळे भाड्याच्या बसनं गेलो होतो. त्या दिवशी त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण वाटेत कुठं थांबणार, जागा कशी असणार, आणि गुडघे वाकत नाहीत तर बसायचं कसं, ही धास्ती. तरी शेवटी बसमध्येच कपडे भिजले. त्यांनी ते पदरानं झाकून घेतलं आणि लग्नघरी जाऊन गुपचूप लुगडं बदललं. कोणाला कळलं नाही. त्यानंतर आठवड्यानं त्यांना थंडी-ताप आला, लघवीला जळजळ झाली, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. तेव्हा आम्ही म्हटलं होतं, लग्नातलं पाणी बाधलं. पाणी प्यायल्याच नव्हत्या त्या!

मैत्रिणींनो, मला सांगा, यातलं नवं काय आहे? सहलीला निघताना "आता चहा नको" असं आपण स्वतःही म्हणतोच की. पुरुषांना रस्त्याची कड पुरते, आपण मैलोन्‌मैल कळ काढतो. पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं, यानं मूत्रमार्गाला जंतूंचा त्रास व्हायला वाट मिळते हे आरोग्याच्या तासाला मी मुलींना शिकवते. आणि माझ्या घरात चार वर्षं एक बाई त्याच भीतीनं उंबऱ्याआड बसली होती, आणि मी पडदे शिवत होते.

तेव्हा आमच्या गाडीतली सगळ्यात मोठी सुधारणा शेवटी झाली, आणि ती विकतच आणली. आजाऱ्यांसाठी कमोडची घडीची खुर्ची मिळते, तीच. औषधांच्या मोठ्या दुकानात विचारावं. खाली भांडं असतं. त्याच्याऐवजी आम्ही घट्ट झाकणाची बादली बसेल असं पाहिलं. बादलीत तळाला लाकडाचा भुसा, वापर झाला की वर आणखी दोन ओंजळी भुसा. त्यानं ओल शोषली जाते आणि वास दबतो. खुर्चीचे पाय गाडीच्या तळावर सरकू नयेत म्हणून खाली जुन्या रबरी मॅटचा तुकडा. मधल्या सीटच्या पाठीमागं, बाकांच्या फळ्या काढल्या की नेमकी जागा होते. भोवती तिन्ही बाजूंनी आडवा सरकणारा जाड पडदा केला, जमिनीपर्यंत. शेजारी हात धुवायला नळाचं छोटं कॅन, साबण, आणि टॉर्च. दोन उशा टेकायला दिल्या की आत्याबाई स्वतः उठू-बसू लागल्या. घरातच आठ दिवस सवय केली.

बादली रिकामी करायची ती संडासातच. पेट्रोल पंपावर, भक्त निवासात विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. भुसा मात्र संडासात ओतू नये, तुंबतो. जिथं संडासात ओतायची त्या दिवशी बादलीत भुश्याऐवजी नुसतं थोडं पाणी ठेवावं आणि भुसा घातलेलं घरी आणून खताच्या खड्ड्यात पुरावं. रानात, ओढ्यात, नदीत कधीही नाही. बादली धुताना ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. दोन्हींतलं एकच काहीतरी वापरावं.

निघण्यापूर्वी एक रात्र आम्ही दोघी अंगणातच गाडीत झोपलो. हे अवश्य करावं. घरापासून दहा पावलांवर जी अडचण कळते ती पंढरपुरात कळून उपयोग नाही. पहिल्या रात्री कळलं की अंगण उताराचं आहे आणि आत्याबाईंचं डोकं पायांपेक्षा खाली जातंय. मग चाकाखाली फळीचा तुकडा घालून, ताटात पाणी घेऊन पातळी पाहिली. शेजारच्या काकू पहाटे दुधाला उठल्या, गाडीतून खोकल्याचा आवाज ऐकून चोर चोर म्हणून ओरडल्या, ते वेगळंच.

गेल्या जानेवारीत निघालो. आषाढी-कार्तिकीची गर्दी नको म्हणूनच तो महिना धरला. हे, मी, आत्याबाई, धाकटी लेक आणि गाडी चालवायला भाऊजी. सांगली, मिरज, सांगोला करत पंढरपूर. वाटेत आत्याबाईंनी तीनदा पाणी मागून घेतलं. मी मोजत होते.

स्वैपाक बाहेरच केला. लहान पाच किलोचा सिलिंडर आणि एक शेगडी. गाडीत सिलिंडर उभा, बांधलेला, रेग्युलेटर काढून. निघण्यापूर्वी नळीवरची तारीख पाहिली, आय.एस.आय.च्या सुरक्षा नळीची मुदत पाच वर्षांची असते आणि आमची घरची सात वर्षांची निघाली! जोडांना साबणाचा फेस लावून पाहावा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून पाहणारे महाभाग अजून आहेत म्हणून सांगते. आणि थंडी कितीही असो, गाडीच्या आत शेगडी, कोळशाची आगटी किंवा चालू इंजिन ठेवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. थंडीला एक वाकळ जास्त घ्यावी.

पंढरपुरात आम्हा बायकांची सोय गाडीत, पुरुषांची भक्त निवासात. आत्याबाईंना दर्शनाच्या रांगेत उभं राहवेना, त्यांनी मुखदर्शन घेतलं आणि नामदेव पायरीला हात लावला. मग बराच वेळ चंद्रभागेच्या काठाला बसून होत्या. परत गाडीत आल्या, पडदा ओढून घेतला, दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या, "च्या टाक जरा. कपभर दे." मी चहा टाकला.

सगळं सुरळीतच झालं असं नाही. सोलापूरवरून अक्कलकोटला पोचलो त्या रात्री उकडत होतं म्हणून यांनी गाडीच्या बॅटरीवर छोटा पंखा लावून दिला. रात्रभर वारा छान लागला. सकाळी गाडी हूं की चूं करेना. मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन लावला, त्यांनी हिशेब करून दाखवला. बारा व्होल्टचा पंखा दोन अँपिअर घेत असेल तर आठ तासांत सोळा अँपिअर-तास गेले. आमची बॅटरी साठच्या आसपासची, पण जुनी. तिच्यात आधीच निम्मा दम उरलेला. वर मोबाइल दोन लावलेले. चार अनोळखी भाविकांनी ढकलली तेव्हा गाडी सुरू झाली, आणि एकानं जाता जाता विचारलं, "ताई, आत राहता का?" आता पंखा आणि दिवा दोन्ही सुट्या, चार्ज होणाऱ्या घेतल्या आहेत. कोणाला गाडीच्या बॅटरीवरूनच घ्यायचं असेल तर बॅटरीजवळच तारेत फ्यूज घालावा, नाहीतर तार घासून पेट घ्यायची भीती. आणि रात्रभर तर चालवूच नये.

तुळजापूरला आई भवानीच्या पायऱ्या पाहून आत्याबाई म्हणाल्या, मी इथनंच हात जोडते. लेक आणि मी खाली उतरून दर्शन घेऊन आलो. परत आलो तर गाडीच्या मागच्या दारात घडीच्या पायरीवर आत्याबाई बसलेल्या, आणि भोवती तीन-चार अनोळखी म्हाताऱ्या. एक आत जाऊन आलेली, दुसरी वाट पाहत उभी. "ह्यांची बी तीच रड हाय," आत्याबाई मला म्हणाल्या, "म्हटलं, जावा बिनघोर." त्या दिवशी बादली दोनदा रिकामी करावी लागली.

खर्चाचं विचाराल तर गॅरेज सोडून सीलंट, रबर, रंग, प्लाय, सुतार, खुर्ची, जाळी असं सगळं धरून अकरा हजारांच्या आत बसलं. पडद्यांचं आणि वाकळींचं काही नाही. मोठी रक्कम प्लाय आणि सुताराची. खुर्ची त्याच्या मानानं स्वस्त. पुन्हा करायचं झालं तर मी खुर्चीपासून सुरुवात करीन.

परवाच्या पावसात मी पुन्हा खडू घेऊन आत जाऊन बसले. मागच्या डाव्या खिडकीच्या कोपऱ्यात एक थेंब येतोय. खूण करून ठेवली आहे, ऊन पडलं की पाहीन. भाऊजी गाडी परत मागतील असं वाटलं होतं, पण जाऊबाईंनी परस्पर सांगून टाकलं की ती आत्याबाईंची. दिवाळीनंतर सौंदत्तीला यल्लम्माला जायचं घाटतंय. बॅटरी बदलायची आहे, आणि आत्याबाईंच्या दोन मैत्रिणी यायच्या म्हणतात, तेव्हा पलंगाची चौथी फळी करावी लागेल असं दिसतंय. सुताराला निरोप धाडला आहे.